आंबट हाताची रसभरी

शकुंतलाबाईंनी रसभरी तोंडात टाकली आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. लगेच त्यांनी तो उघडला, चेहरा सारखा केला, पदराने ओठ टिपले आणि छान आहे म्हणून सांगितलं. पण तोवर पडवीतल्या सगळ्यांनी तो मिटलेला डोळा पाहून घेतला होता. राधाबाई ताटली घेऊन समोरच उभ्या होत्या, त्यांना तर तो सगळ्यांच्या आधी दिसला.

"खोटं कायले बोलतं वं शकुंतला," बाजेवरून सत्यभामाबाई म्हणाल्या. "आंबट हाये तं आंबट म्हण. राधीच्या हातची हाये, गोड कुठून लागन?"

सत्यभामाबाई म्हणजे या दोघींची सासू. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात औषधालाही उरलेला नाही, पण जिभेची धार तशीच. त्यांच्या बोलण्यावर पडवी हसली. राधाबाईंचे यजमान नंदलाल हसले, सून स्वाती मांडीवरच्या खुशबूला हलवत हसली, आणि खुद्द राधाबाईही हसल्या. या घरात राधाबाईंच्या आंबट हातावर हसायची जुनी रीत होती, आणि आपण एकटं न हसणं म्हणजे राग आल्याचं कबूल करण्यासारखं होतं.

ही गोष्ट त्यांच्या लग्नाइतकीच जुनी. लाखांदूरकडच्या एका खेड्यातून राधाबाई पवनीच्या कोष्टी मोहल्ल्यात नवरी होऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात सासूने त्यांना खिरीचं दूध तापवायला बसवलं. दूध नासलं. उन्हाळ्याचे दिवस, पितळेचं पातेलं, त्याची कल्हई कधी उडालेली कोण जाणे. पण नवी सून समोर असताना पातेल्याला कोण दोष देतो? पोरगी हाताची आंबट दिसते, असं सत्यभामाबाई पाहुण्यांच्या देखत बोलून गेल्या. बोलल्या तशा विसरल्याही असत्या, पण त्याच वर्षी राधाबाईंनी घातलेलं कैरीचं लोणचं असं टिकलं की पुढच्या कैऱ्या आल्या तरी त्याला बुरशीचा ठिपका नाही. मग काय, नावावर शिक्काच बसला. मोहल्ल्यात कुणाकडे लोणचं घालायचं असलं की राधाबाईंना बोलावणं, अंबाडीची भाजी असली की राधाबाई, कढी असली की राधाबाई. लग्नघरी त्यांच्यापुढे चिंचेचं पातेलं यायचं. त्या लाडवांच्या पाकाकडे वळल्याच तर कुणीतरी मोठ्या प्रेमाने त्यांना परत कैऱ्यांच्या ढिगाशी नेऊन बसवायचं. हिने दुधाकडे नुसतं पाहिलं तरी त्याला विरजण लागतं, असं नंदलालही चारचौघांत सांगत.

घरात तर तो नियमच झाला होता. शुभकार्याच्या गोडाची कढई चुलीवर ठेवायची ती गोड हाताच्या बाईने. आधी सासूबाई स्वतः ठेवत. मग धाकटी सून म्हणून शकुंतला घरात आली, तिच्या पहिल्याच लाडवाला सासूबाईंनी मान डोलावली आणि तो मान तिच्याकडे गेला. शकुंतलाबाईंचे यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत, बिऱ्हाड तिथल्याच क्वार्टरमध्ये. पण पवनीच्या घरी काही कार्य निघालं की त्या बसने येत, पदर खोचत आणि कढई ठेवत. अंकुशच्या, म्हणजे राधाबाईंच्या पोटच्या मुलाच्या लग्नातही कढई शकुंतलाबाईंनीच ठेवली. राधाबाई तेव्हा मागच्या अंगणात कैऱ्या चिरत बसल्या होत्या आणि बुंदीचा वास अंगणापर्यंत येत होता. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. कांद्याने आलं, असं त्यांनी सांगितलं. कांदे त्या दिवशी दुसरीच बाई चिरत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता अंकुश-स्वातीच्या पोटी नात झाली होती. खुशबूची ही पहिली संक्रांत, आणि शकुंतलाबाई आल्या होत्या त्या तिच्या बोरन्हाणाचा दिवस ठरवायला. बाळाला हलव्याचे दागिने घालून चौरंगावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, मुरमुरे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचे. त्याआधी तिळाचे लाडू करायचे आणि पहिला घास बाळाच्या तोंडाला लावायचा. रथसप्तमीच्या अलीकडचा रविवार ठरला. तिळगुळाची कढई शकुंतलाबाईंनी ठेवायची, हे ठरवायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

राधाबाईंनी ताटली खाली ठेवली. तिच्यात उरलेल्या रसभऱ्यांचा पिवळा रंग अजून हिरव्याकडेच झुकत होता.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "या खेपेले कढई मी ठेवू का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे काय उत्तर द्यायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. नंदलाल छताकडे पाहू लागले. सत्यभामाबाईंनी एकदा थोरल्या सुनेकडे पाहिलं, एकदा ताटलीकडे पाहिलं.

"ठेव ना, कोण नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "तुह्या रसभरीले गोडी आली का त्या दिवशी ठेवजो."

पुन्हा हशा झाला. या वेळी मात्र राधाबाई हसल्या नाहीत.

"बरं," एवढंच म्हणून त्या ताटली घेऊन आत गेल्या.

रसभरीची ती झाडं उगवली होती हातमागाच्या जुन्या खड्ड्यात. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याच वर्षी नंदलालांनी माग उतरवला. करवतकाठी लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि ते एका कापडाच्या दुकानात कामाला लागले. पुढे एका वावटळीत मागाच्या खोलीचं छप्पर उडालं, ते कुणी पुन्हा घातलं नाही. जिथे पाय सोडून बसून घराच्या पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या कापड विणलं, तो खड्डा आभाळाखाली उघडा पडला. पावसाळ्यात त्यात बेडूक ओरडायचे आणि नंदलाल तिकडची खिडकी लावून घ्यायचे.

राधाबाईंना ते बघवेना. त्यांनी वैनगंगेच्या काठची गाळाची माती आणवली, खड्डा भरून घेतला आणि आठवडी बाजारातून आणलेल्या एका रसभरीचं बी राखेत घोळून तिथे टाकलं. ती बाजारची रसभरी काय गोड होती! तिची चव राधाबाईंच्या जिभेवर पक्की बसली होती. झाडं कमरेइतकी वाढली. फुलं आली, फुलांची कागदी बोंडं झाली, बोंडांत फळं भरली. आणि फळ तोंडात टाकावं तर कान झिणझिणावेत इतकं आंबट. मोहल्ल्यात हे कळायला वेळ लागला नाही. मागच्या हिवाळ्यात तर शेजारचे गोमाजी कुंपणावरून विचारायचे की वहिनी, यंदा रसभरीचंच लोणचं घालता का.

सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. गोमाजींनी बुंध्याशी राख घालायला सांगितली, ती घातली. कुणी पाणी तोडायला सांगितलं, ते तोडलं, तर पानं माना टाकून बसली. नंदलालांनी तर डोकं लढवून गुळाचं पाणी घालायला लावलं, म्हणजे झाड गोडी पिऊन घेईल. झाडाने काही प्यायली नाही, पण अख्ख्या मोहल्ल्यातल्या मुंग्या खड्ड्यात जमल्या. गूळ संपला तशा त्या निघून गेल्या. वरच्या फळाकडे एकीनेही मान वर करून पाहिलं नाही. राधाबाईंना ते चांगलंच लागलं होतं. मुंगीसुद्धा आपल्या हातचं खात नाही, असं त्यांच्या मनात आलं होतं.

एका गोष्टीत मात्र त्या कधी चुकल्या नाहीत. या घरचा नेम होता की अंगणातलं फळ आधी देवापुढे जाणार, मग घरात. आणि देवापुढे जाणारं फळ झाडावरूनच तोडलेलं हवं; जमिनीवर पडलेलं फळ उष्टं समजायचं, ते गायीला किंवा उकिरड्यावर. लग्न होऊन आल्या आल्या सासूने त्यांना हे शिकवलं होतं आणि राधाबाईंनी ते जन्मभर पाळलं होतं. रसभरीचं देठ भारी नाजूक, जरा वारा आला की फळ गळतं. म्हणून बोंडाचा हिरवा रंग थोडा फिका झाला रे झाला की त्या फळ तोडून घेत. एकही जमिनीवर पडू देत नसत. त्यांच्या राखणीत काही खोट नव्हती.

शकुंतलाबाई परत गेल्या आणि चारच दिवसांनी राधाबाई घाटाच्या पायरीवर घसरल्या. हाड वाचलं, पण घोटा असा सुजला की संक्रांत त्यांनी बाजेवरच काढली. एका बाजेवर सासू, समोरच्या बाजेवर सून. सत्यभामाबाईंना बोलायला हक्काचं माणूस मिळालं आणि राधाबाईंना ऐकण्यावाचून इलाज उरला नाही. जीव मात्र त्यांचा खड्ड्यात अडकला होता. रसभऱ्या तोडायच्या राहिल्या होत्या. स्वातीला सांगावं तर तिला लेकराने धरून ठेवलेलं. वारा सुटला की बाहेर कागदासारखं काहीतरी सळसळायचं आणि राधाबाई समजायच्या की पडल्या, वाया गेल्या. आता बोरन्हाणापर्यंत झाडावर काही उरत नाही आणि कढईही गेली, असं त्या मनाशी म्हणत.

पाय जमिनीला टेकू लागला तशा त्या मागाची एक जुनी काठी टेकत खड्ड्याशी गेल्या. जमीन वाळक्या बोंडांनी भरून गेली होती. पिवळट, जाळी झालेली, हलकी बोंडं. त्यांनी उसासा टाकला, झाडू घेतला आणि कचरा लोटायला सुरुवात केली.

झाडूपुढे मुंग्यांची रांग आडवी आली. राधाबाई थांबल्या. यंदा तर गुळाचा खडाही इथे पडला नव्हता. त्यांनी काठीला धरून वाकून पाहिलं. रांग एका फाटक्या बोंडात शिरत होती आणि आत फळ होतं केशरी, तुपाचा हात लावल्यासारखं चकचकीत. त्यांनी मान वर केली. झाडावर लटकलेल्या फिक्या हिरव्या बोंडांकडे एक मुंगी फिरकत नव्हती.

त्यांनी शेजारचं एक न फाटलेलं बोंड उचललं. कागद सोलला. फळाला मातीचा कणसुद्धा लागलेला नव्हता. लागणार कसा, ते तर आपल्या घरातच बसून खाली आलं होतं. राधाबाईंनी मागे वळून पाहिलं. पडवीत सासूबाईंचा डोळा लागला होता. देवाला न दाखवलेलं, जमिनीवरून उचललेलं फळ त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोंडात टाकलं.

आणि त्या तिथेच, झाडू हातात धरून, खड्ड्याच्या काठावर बसल्या. बाजारच्या त्या रसभरीपेक्षाही हे फळ गोड होतं.

त्यांना एकदम मोहाच्या फुलांची आठवण झाली. माहेरी चैत्रात अजून उजाडायचं असताना त्या आईबरोबर टोपली घेऊन मोह वेचायला जात. झाडाखाली फुलांचा सडा, आणि सगळा गाव खाली वाकलेला. मोहाचं फूल कुणी फांदीवरून तोडत नाही. ते भरलं, गोड झालं की आपल्या मनाने खाली येतं, आणि त्याआधी ओरबाडलं तर त्यात काही नसतं. लहान पोरालासुद्धा जे ठाऊक, ते आपण पवनीत येऊन विसरलो कसे? इथे मोह वेचणं म्हणजे रानटी लोकांचं काम समजत. नवी असताना एकदा त्यांनी मोहाचा विषय काढला, तर सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. मग त्यांनी मोहाबरोबर मोहाचं शहाणपणही माहेरीच ठेवून दिलं.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी नंदलालांच्या हातावर एक रसभरी ठेवली. त्यांनी ती डोळे बारीक करूनच तोंडात टाकली, सवयीने. मग डोळे हळूहळू मोठे झाले. बाजारातून आणली का, असं त्यांनी विचारलं. राधाबाईंनी सगळं सांगितलं. नंदलाल बराच वेळ बोंडाचा कागद बोटांत फिरवत राहिले.

"मायले सांगू नको," ते शेवटी म्हणाले. "चूपचाप खाऊ घाल. गोड लागली का झालं."

"लपवून गोड झाली तं काय फायदा जी?" राधाबाई म्हणाल्या. "मंग माहा हात तं आंबटच राहिला ना."

नंदलालांनी बोंडाचा कागद खाली ठेवला. इतकी वर्षं विरजणाची ती गोष्ट आपण किती ठिकाणी सांगितली, हे बहुधा त्यांना आठवत असावं. सकाळी राधाबाई उठल्या तेव्हा यजमान ट्रंक उघडून बसले होते. माग उतरवला त्या दिवशी त्यावर अर्धं विणलेलं एक लुगडं होतं. ते त्यांनी तसंच कापून घडी घालून ठेवलं होतं आणि नंतर कधी कुणाला पाहूही दिलं नव्हतं. घडीच्या रेघा तांबूस पडल्या होत्या, काठाच्या नक्षीतले करवतीचे दात मात्र अजून टोकदार होते. नंदलालांनी ते अर्धं लुगडं खड्ड्यात नेलं आणि रसभरीच्या झाडांखाली चारी बाजूंनी ताणून अंथरलं. पूर्वी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावायचे, तशाच निगुतीने.

"आता पडू दे," ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

त्यानंतर बोरन्हाणापर्यंत राधाबाईंनी एकही फळ तोडलं नाही. फळ झाडावर पिकताना पाहायचं आणि हात मागे बांधून ठेवायचे, हे त्यांना सोपं गेलं नाही. दिवसातून कितीदा तरी हात आपोआप पुढे जायचा. पण रोज सकाळी लुगड्यावर वाळकी बोंडं पडलेली असत आणि त्या ती सुपात वेचून आणत.

रविवारी सकाळी शकुंतलाबाई बसने आल्या. तीळ भाजून झाले, गूळ चिरून झाला, चूल पेटली. कढई कोपऱ्यात पालथी होती. शकुंतलाबाई पदर खोचून तिच्याकडे निघाल्या, तेवढ्यात राधाबाई ताटली घेऊन पडवीत सासूपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, तुम्ही म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?" असं विचारता विचारताच सत्यभामाबाईंना आठवलं. त्या गालात हसल्या. स्वाती खुशबूला कडेवर घेऊन दारात आली, शकुंतलाबाई कढईशी थांबल्या. म्हातारीने बोंड सोललं, फळ तोंडात टाकलं आणि हिरड्यांखाली दाबलं. मग त्यांचा चेहरा तसाच राहिला. ना डोळा मिटला, ना ओठ मुडपले. त्या फळ चघळत राहिल्या, ते संपल्यावरही चघळत राहिल्या.

"नागपूरची हाये?"

"घरची हाये."

"तोडली कधी?"

हाच तो प्रश्न. नंदलालांनी पडवीच्या दारातून बायकोकडे पाहिलं. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. आज म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तोडली नाही," राधाबाई म्हणाल्या. "पडली तं उचलली."

सत्यभामाबाईंचं तोंड हलायचं थांबलं.

"पडेल फळ चारलं तू मले?"

"हो. पण देवापुढं नाही ठेवलं अजून, तुम्हाले इचारल्याबिगर ठेवणार नव्हती." राधाबाईंनी ताटली बाजेच्या कडेवर ठेवली. "आत्याबाई, पारिजातकाचं फूल आपण पडेलच वाहतो ना? माह्या माहेरी मोहबी कोणी तोडत नाही. पिकला का आपल्या मनानं खाली येते, मंग वेचते. ही रसभरी तशीच हाये. मी पडाच्या भेवानं तिले कच्चीच तोडत होती, म्हून आंबट लागे. हाताचं काही नव्हतं आत्याबाई. माह्या हाताचं कधी काही नव्हतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते इतक्या वर्षांचं आत साचलेलं होतं आणि त्या क्षणी बाहेर आलं. शकुंतलाबाईंनी मान खाली घातली.

नंदलाल पुढे आले. "माय, मातीत नाही पडली," ते म्हणाले. "खाली लुगडं आंथरलं होतं. आपल्या मागावरचं, आखरीचं."

सत्यभामाबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा नवरा त्याच खड्ड्यात पाय सोडून बसत असे आणि त्या त्याला सुताच्या कांड्या भरून देत असत. मग त्यांनी हात पुढे केला.

"आणखी एक दे," त्या म्हणाल्या.

राधाबाईंनी दिली. म्हातारीने तीही हिरड्यांखाली दाबली, सावकाश, या वेळी डोळे मिटून. आणि हे डोळे मिटणं निराळं होतं, ते सगळ्यांना कळलं.

"शकुंतला, बाजूले सर वं," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "कढई राधाले ठेवू दे."

त्या राधी म्हणाल्या नाहीत, राधा म्हणाल्या.

शकुंतलाबाई सरकल्या त्या आनंदानेच. कढई राधाबाईंच्या हातात देताना त्या कानाशी लागल्या. "बरं झालं जी जाऊबाई, माही तं सुटका झाली," त्या म्हणाल्या. "दर खेपेले पाक बिघडन म्हून रातभर झोप लागत नव्हती मले." गोड हाताचंही काही ओझं असतं, हे राधाबाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्यांनी कढई चुलीवर ठेवली, तूप सोडलं, गूळ टाकला. आयुष्यात पहिल्यांदा पाकापुढे बसल्या होत्या, पण कोपऱ्यातून पाक पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. गुळाला फेस आला, रंग गडद झाला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला तर त्याची गोळी झाली. हाताला चटके बसत होते तरी त्या भराभर लाडू वळत राहिल्या. कुणी मदतीला हात पुढे केला की आज त्याच म्हणायच्या, "तुम्ही तिकडं बसा."

पहिला लाडू सासूबाईंकडे गेला. त्यांनी तो गालात धरला, या गालातून त्या गालात फिरवला, आणि बाजेभोवती जमलेल्या बायका श्वास रोखून बघत राहिल्या.

"कडक झाला," सत्यभामाबाईंनी निकाल दिला. "पण आंबट नाही."

मग असं हसू उसळलं की खुशबू दचकून रडायला लागली. या वेळी सगळ्यांत मोठ्याने राधाबाई हसल्या. त्यांनी लाडवाचा कण बोटावर चुरला आणि नातीच्या तोंडाला लावला. खुशबू रडायची थांबली, जीभ बाहेर काढून विचारात पडली आणि आजीचं बोटच तोंडात धरून बसली. ते सोडवायला बराच वेळ लागला, आणि राधाबाईंनाही काही घाई नव्हती.

दुपारी बोरन्हाण झालं. बोरं, उसाचे तुकडे, हरभरे आणि मधूनच खुळखुळत घरंगळणारी रसभरीची कागदी बोंडं. पोरांनी बोरं सोडली आणि बोंडांवर झडप घातली. कुंपणाशी गोमाजी उभे होते; त्यांनी एक सोलून खाल्ली आणि यंदा लोणच्याचा विषय काढला नाही. राधाबाईंनी त्यांना आपणहून आणखी मूठभर दिल्या. जिंकलेल्या माणसाला तेवढी उदारता परवडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई दूध तापवायला उठल्या तर सासूबाईंची बाज रिकामी होती. त्या दचकल्या. कुणी धरल्याशिवाय म्हातारी बाजेवरून उतरत नसे. पण सत्यभामाबाई देवघरापुढे पाटावर बसलेल्या दिसल्या, भिंतीला पाठ टेकून, दम खात. शेजारी मागाची ती जुनी काठी होती. त्यांच्या लुगड्याला दोन्ही गुडघ्यांशी खड्ड्यातली ओली माती लागली होती.

देवापुढे एक रसभरी ठेवलेली होती. बोंडाचा वाळका कागद मागे दुमडून, फळ वर.

राधाबाईंनी दूध चुलीवर ठेवलं, पंच्याचं टोक पाण्यात भिजवून आणलं आणि सासूच्या गुडघ्यांवरची माती हलक्या हाताने पुसायला बसल्या. दूध वर आलं तेव्हा दोघींनीही तिकडे पाहिलं, आणि ते उतरवायला राधाबाई उठल्या.